माहितीपर उताऱ्याची रचना मुलांना कशी शिकवावी? (पाचवी ते आठवी)

पाटीवरची रेघ (धागाकर्ती)

सहावीची मुलं भूगोल-विज्ञानाचे उतारे न अडखळता वाचतात. शब्दही कळतात. पण "लेखकाने ही माहिती कशी मांडली आहे?" असं विचारलं की पहिलं वाक्य परत वाचून दाखवतात, नाहीतर शीर्षक सांगतात.

लिहायला दिलं की हे आणखी उघडं पडतं. 'कांदा' विषयावर दहा-बारा ओळी लिहा म्हटलं की साधारण असं येतं: कांदा जमिनीत येतो. कांदा कापताना डोळ्यांत पाणी येतं. नाशिक जिल्ह्यात कांदा पिकतो. कांद्याचे भाव वाढतात. कांदा आरोग्याला चांगला. वाक्यं सगळी खरी, पण कोणतंही उचलून कुठेही ठेवलं तरी काही बिघडत नाही. लिखाणाला रचना नाही हे ओळखण्याची माझी कसोटी हीच.

वर्णन, क्रम, तुलना, कारण-परिणाम, समस्या-उपाय अशा पाच रचना सहसा सांगितल्या जातात. प्रश्न असे:

पाचांपैकी आधी कोणती घ्यावी? सुरुवात वाचनातून करावी की लेखनातून? खुणेचे शब्द (म्हणून, परंतु, त्यानंतर वगैरे) पाठ करून घ्यावेत का? आणि चाळीस मिनिटांच्या किती तासिका धराव्यात?

वर्गात उद्या करता येईल असं काही सांगा.

मोजपट्टी

वर्णन शेवटी घ्या. ते सोपं वाटतं म्हणून बहुतेक जण तिथूनच सुरू करतात, पण रचना म्हणून तेच सगळ्यांत अवघड आहे. गूळ कसा करतात हे सांगताना कामाचाच क्रम असतो, लेखकाला तो शोधावा लागत नाही. कांद्याचं वर्णन करताना मात्र क्रम लेखकाने ठरवायचा असतो: बाहेरून आत, खालून वर, की भागांकडून उपयोगाकडे. हे ठरवणं अकरा-बारा वर्षांच्या मुलाला आपोआप सुचत नाही. म्हणून क्रम, तुलना, कारण-परिणाम, समस्या-उपाय आणि मग वर्णन. पहिल्या चारांना दोन-दोन तासिका, वर्णनाला तीन. एकूण अकरा.

पहिल्या तासिकेला पट्ट्या करा. सात-आठ वाक्यांचा उतारा, एका पट्टीवर एक वाक्य, चौघांत एक संच. उदाहरणार्थ गुऱ्हाळ:

ऊस चरकात घालून रस काढतात.
रस गाळून काहिलीत ओततात.
चुलवाणाला जाळ घालून रस तापवतात.
रस तापू लागला की भेंडीचं पाणी घालतात.
वर आलेली मळी झाऱ्याने काढून टाकतात.
रस आटवून घट्ट पाक करतात.
पाक वाफ्यात ओतून घोटतात.
साच्यात भरून ढेपा पाडतात.

मुलांनी पट्ट्या लावायच्या आणि प्रत्येक जोडीबद्दल "या दोन अदलाबदल केल्या तर काय बिघडेल?" याचं उत्तर द्यायचं. भेंडीचं पाणी आणि मळी यांची अदलाबदल का चालत नाही? भेंडीच्या चिकट पाण्यात रसातला मळ अडकतो आणि वर येतो. पाणी घातलंच नाही तर झाऱ्याने काढणार काय? हे कारण मुलांच्या तोंडून आलं की रचना कळली असं समजा.

संचात एक पाहुणी पट्टीही टाका: "कोल्हापूरचा गूळ प्रसिद्ध आहे." वाक्य खरं, विषयाला धरून, पण क्रमात त्याला जागा नाही. ते अगदी सुरुवातीला जाईल, अगदी शेवटी जाईल किंवा वगळलं जाईल. या एका पट्टीवर दहा मिनिटं गेली तरी जाऊ द्या.

एक चूक हमखास होते. पट्ट्यांवर 'प्रथम', 'त्यानंतर', 'शेवटी' लिहिलेलं असलं की मुलं तेवढेच शब्द बघून पट्ट्या लावतात, मजकूर वाचतच नाहीत. पहिल्या फेरीत ते शब्द चालतील, दुसऱ्या फेरीत काढून टाका.

तिखटमीठ

आठवी पट्टी आधी आणि पहिली शेवटी लावली तर आधी कळस मग पाया! या म्हणीचा अर्थ शिकवायलाही तासिका उपयोगी पडेल. वाखु (वाचनखूण) साठवली.

नदीकाठ

मोजपट्टींच्या पट्ट्या मान्य, रचनांची नावं आधी सांगायला विरोध. 'कारण-परिणाम रचना' हे नाव सांगितलं की मुलं उताऱ्यावर चिठ्ठी चिकटवतात आणि काम संपलं असं समजतात. त्याऐवजी एकच प्रश्न विचारा: "हा उतारा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे?"

हे कसं होतं? = क्रम.
हे का झालं, त्याने काय झालं? = कारण-परिणाम.
दोघांत सारखं काय, वेगळं काय? = तुलना.
अडचण काय होती, काय केलं? = समस्या-उपाय.
हे काय आहे, कसं आहे? = वर्णन.

पहिले दोन आठवडे फक्त प्रश्न वापरायचे. नावं नंतर आली तरी चालतात. प्रश्न मुलाच्या हातात असला की लिहितानाही तोच कामाला येतो. वहीच्या वर समासात प्रश्न लिहायचा आणि प्रत्येक वाक्यानंतर बघायचं, हे वाक्य त्या प्रश्नाला उत्तर देतंय का.

एवढा खटाटोप कशासाठी, असं पालक-सहकारी विचारतात, म्हणून सांगते. वाचनाच्या अभ्यासक बॉनी मेयर आणि सहकाऱ्यांनी नववीच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या १९८० च्या अभ्यासात लेखकाची रचना धरून आठवणाऱ्या मुलांना उताऱ्यातलं जास्त आठवलं. रचना म्हणजे माहिती अडकवायच्या खुंट्या. खुंटी नसेल तर सगळं जमिनीवर ढीग.

जोडाक्षर

खुणेच्या शब्दांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मराठीत इथेच गाडं अडतं.

शिक्षक-पुस्तिकांमध्ये खुणेच्या शब्दांच्या ज्या याद्या फिरतात त्या बहुतेक इंग्रजीवरून उतरवलेल्या असतात: प्रथमतः, द्वितीयतः, याउलट, परिणामी. मुलांच्या पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यात हे शब्द शोधा, क्वचित सापडतात. मराठी आपली खूण स्वतंत्र शब्दात कमी आणि प्रत्ययात जास्त ठेवते. मोजपट्टींच्या पट्ट्या पाहा. 'प्रथम-नंतर' काढून टाकले तरी "चरकात *घालून*", "*गाळून* काहिलीत", "तापू लागला *की*" यांत क्रम शिल्लक आहेच. तो काढता येत नाही आणि काढूही नये. मुलांना तोच दाखवायचा आहे.

माझी यादी अशी:

क्रम: -ऊन, -ल्यावर, -ताच, की, -पर्यंत, मग.
तुलना: -पेक्षा, -इतका, -सारखा, मात्र, तर.
कारण-परिणाम: -मुळे, -ल्याने, म्हणून, कारण.
समस्या-उपाय: -साठी, -ण्याकरिता, यावर, नाहीतर.

यादी पाठ करून घेऊ नका, कारण यातले निम्मे शब्द दोन-तीन कामं करतात. एकट्या 'म्हणून'कडे बघा:

"भाव पडला म्हणून कांदा चाळीत ठेवला." हा परिणाम. (चाळ म्हणजे कांदा साठवायची हवेशीर जागा.)
"चांगला भाव मिळावा म्हणून कांदा चाळीत ठेवला." हा उद्देश.
"लासलगाव कांद्याची मोठी बाजारपेठ म्हणून ओळखलं जातं." ही नुसती ओळख.

शब्द पाठ केलेलं मूल तिन्हींना कारण-परिणाम म्हणेल. 'तर'चंही तसंच: "पाऊस आला तर कांदा भिजतो" ही अट, "रब्बीचा कांदा टिकतो, तर खरिपाचा लवकर खराब होतो" ही तुलना. 'पण' कधी परंतु असतो, कधी सुद्धा.

हे सगळं व्याकरणाच्या तासाला आपण शिकवतोच. उभयान्वयी अव्ययांचे परिणामबोधक, न्यूनत्वबोधक, कारणबोधक, उद्देशबोधक, संकेतबोधक हे प्रकार म्हणजे रचनेचीच नावं आहेत. फक्त तिथे ते एकेका सुट्या वाक्यावर शिकवतो आणि उताऱ्याच्या तासाला विसरतो. दोन्ही तास एकाच आठवड्यात ठेवा. व्याकरणाची उदाहरणं त्या आठवड्याच्या उताऱ्यातूनच घ्या.

अजून एक, बाणाबद्दल. "कांदा सडला, कारण चाळीत हवा खेळत नव्हती" आणि "चाळीत हवा खेळत नव्हती म्हणून कांदा सडला" ही दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहा आणि बाण काढायला सांगा. बरीच मुलं दोन्हीकडे डावीकडून उजवीकडे बाण काढतात, म्हणजे पहिल्या वाक्यात सडण्यामुळे हवा बंद झाली! 'कारण' हा शब्द परिणाम सांगून झाल्यावर येतो, 'म्हणून' कारण सांगून झाल्यावर. बाण मात्र कायम कारणाकडून परिणामाकडे. हे एकदा नीट बसलं की विज्ञानातल्या 'कारणे द्या'च्या उत्तरांतही फरक दिसतो.

खडूवाली

जोडाक्षर, तीन 'म्हणून' वहीत उतरवून घेतले. फार उपयोगी.

मला कृतिपत्रिकेबद्दल लिहायचं आहे. आपल्याकडे उताऱ्याखाली 'ओघतक्ता पूर्ण करा', 'आकृतिबंध पूर्ण करा', 'चौकटी पूर्ण करा', 'तुलना करा' अशा कृती असतात. म्हणजे रचनेची आकृती मुलांसमोर रोज असते. तरीही रचना कळत नाही, कारण आकृती आपण काढून देतो. चार चौकटी आणि तीन बाण छापलेले असले की मुलाला फक्त शब्द शोधून भरायचे उरतात. खरं कौशल्य कोणती आकृती काढायची हे ठरवण्यात आहे, आणि ते काम प्रश्न काढणाऱ्याने आधीच करून ठेवलेलं असतं.

उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा उतारा द्या, आकृती देऊ नका. कोऱ्या पानावर मुलांनी स्वतः आकृती काढायची: ओघतक्ता, तक्ता, बाण, झाडासारख्या फांद्या, जे वाटेल ते. मग तीन वेगवेगळ्या आकृत्या फळ्यावर घ्या आणि विचारा, कोणत्या आकृतीत उताऱ्यातलं वाक्य कोंबून बसवावं लागलं? कोणत्या आकृतीत रिकामी जागा राहिली? चुकीची आकृती स्वतःच सांगते की ती चुकीची आहे.

वाटेवरचा दगड

जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी-पाचवी एकाच खोलीत असते. अकरा तासिका स्वतंत्र काढणं शक्य नाही. त्यांनी काय करावं?

मोजपट्टी

@वाटेवरचा दगड, एकच संच तिन्ही इयत्तांना वापरता येतो, काम वेगळं द्यायचं. तिसरीने चार पट्ट्या चित्रांसकट लावायच्या. चौथीने आठही लावायच्या. पाचवीने पाहुणी पट्टी शोधायची आणि मधली एक गहाळ पट्टी स्वतः लिहायची. शिक्षक तिसरीजवळ बसला तरी पाचवीचं काम थांबत नाही. पट्ट्या जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर केल्या तर वर्षभर टिकतात. संच एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मागच्या बाजूला प्रत्येक संचाला वेगळ्या रंगाचा ठिपका द्या. मागे क्रमांक मात्र टाकू नका, मुलं पट्टी उलटून बघतात.

सांजवात

पाककृती माहितीपर लेखनात धरावी का? सोपी आहे, घरातली आहे, पण साहित्य-कृती असा साचा आधीच तयार असतो.

जोडाक्षर

जरूर धरा, पण साच्यासाठी नको. मराठी पाककृतीत एक फार चांगला सापळा असतो. हे वाक्य घ्या: "मोड आलेली मटकी फोडणीत घाला." वाक्यात क्रियापद एकच, 'घाला'. पण 'मोड आलेली' या विशेषणात आदल्या दिवशीचं काम दडलेलं आहे. मटकी आठ-दहा तास भिजवायची, पाणी काढून ओल्या फडक्यात बांधायची, आणखी दहा-बारा तास ठेवायची. मुलांना ओघतक्ता काढायला सांगा. बहुतेक जण पहिल्या चौकटीत 'तेल तापवा' लिहितात. मग विचारा, आज संध्याकाळी उसळ हवी असेल तर पहिलं काम केव्हा करायचं? काल रात्री!

भाजलेले दाणे, किसलेलं खोबरं, भिजवलेले वाल, सगळीकडे हेच. धातुसाधित विशेषण म्हणजे आधी होऊन गेलेली पायरी. वाक्यांचा क्रम आणि कामांचा क्रम वेगळा असू शकतो, हे मुलांना इथे जितकं पटकन दिसतं तितकं कुठल्याही धड्यात दिसत नाही. इतिहासाच्या उताऱ्यात "पराभूत झालेलं सैन्य परत फिरलं" अशी वाक्यं येतात तेव्हा हीच नजर लागते.

सांजवात

हे लक्षातच आलं नव्हतं. धन्यवाद!

शनिवारची शाळा

अमेरिकेतल्या मराठी शाळांच्या बाजूने थोडी भर. 'कॉमन कोअर' मानकं स्वीकारलेल्या राज्यांत मजकुराची एकूण रचना (कालक्रम, तुलना, कारण-परिणाम, समस्या-उपाय) सांगता येणं हे चौथीच्या अपेक्षांमध्ये आहे आणि पाचवीला दोन मजकुरांच्या रचनांची तुलना. त्यामुळे इथल्या मुलांना रचना माहीत असते, पण मराठी उताऱ्यात ती सापडत नाही, कारण ती वाक्याच्या सुरुवातीला खुणेचा शब्द शोधतात. इंग्रजीत तो बहुधा तिथे असतो, मराठीत प्रत्यय शब्दाच्या शेपटीला. जोडाक्षरांची यादी आमच्यासाठी उलट्या बाजूने उपयोगी आहे: रंगीत पेन्सिलीने शब्दाची शेपटी रंगवा. -ऊन, -ल्यावर निळे, -मुळे, -ल्याने लाल, -पेक्षा हिरवा. उतारा रंगवून झाला की कोणता रंग जास्त आहे हे दुरूनही दिसतं.

नदीकाठ

रंगाची युक्ती छान आहे, पण जास्त दिसणारा रंग म्हणजे उताऱ्याची रचना असं मुलांना सांगू नका. हा उतारा बघा:

"महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या पूर्व पायथ्याशी असलेल्या वाईला एक हजार मिलिमीटरही पडत नाही. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात. वर चढल्याने ते थंड होतात, बाष्पाचं पाणी होतं आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. पलीकडे उतरताना वारे कोरडे आणि उबदार होत जातात, त्यामुळे पूर्वेकडे पाऊस कमी."

पहिलं वाक्य तुलनेचं. बाकीचा उतारा त्या तुलनेचं कारण सांगतो. रचना कोणती? मी म्हणेन कारण-परिणाम, तुलना फक्त प्रश्न उभा करायला आली आहे. पाठ्यपुस्तकातले बरेच उतारे असेच मिश्र असतात. एका उताऱ्यात दोन रचना दिसल्या तर कोणती कोणासाठी राबते आहे हे विचारायचं.

खडूवाली

नदीकाठताई, मिश्र उतारे कधी आणायचे? सुरुवातीलाच आणले तर गोंधळ होतो.

नदीकाठ

पाचही रचना एकदा शुद्ध स्वरूपात झाल्यावर. शुद्ध उतारे पाठ्यपुस्तकात कमीच मिळतात, ते शिक्षकाने लिहावे लागतात. सात-आठ वाक्यांचे असले तरी पुरतात.

मोजपट्टी

तुलनेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मुलं तुलना अशी लिहितात: "गोदावरी लांब आहे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. गोदावरी पवित्र मानतात. कृष्णेवर धरणं आहेत." दोन नद्या आहेत, तुलना नाही, कारण प्रत्येक वाक्यात निकष बदलतो.

तीन रकान्यांचा तक्ता करा आणि मधला रकाना निकषाचा ठेवा. आधी फक्त मधला रकाना भरायचा: उगम, लांबी, कोणत्या समुद्राला मिळते, महाराष्ट्रातल्या उपनद्या. मग दोन्ही बाजू. गोदावरी: त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरी, १,४६५ किमी, बंगालचा उपसागर, प्रवरा-मांजरा. कृष्णा: महाबळेश्वर, १,४०० किमी, बंगालचा उपसागर, भीमा-कोयना. एखादी चौकट रिकामी राहिली तर तो निकष सोडा किंवा माहिती शोधा, तिथे भलतंच काही भरू नका.

वेन आकृती (एकमेकांत थोडी शिरलेली दोन वर्तुळं) मला तुलनेसाठी कमी आवडते. सारखं-वेगळं दिसतं, पण निकषाला तिथे जागाच नाही, त्यामुळे डाव्या वर्तुळात लांबी आणि उजव्या वर्तुळात उगम असं सहज होतं.

लिहिताना दोन मार्ग: आधी गोदावरी पूर्ण, मग कृष्णा पूर्ण, किंवा एकेक निकष घेऊन दोन्ही नद्या. निकष तीनपर्यंत असतील तर पहिला चालतो. त्याहून जास्त असले तर वाचणारा दुसऱ्या नदीपर्यंत पोचतो तोवर पहिली विसरतो. तेव्हा दुसरा मार्ग घ्यावा.

शनिवारची शाळा

वेनबद्दल थोडी असहमती. दोन गोष्टींत साम्य खूप असेल, उदाहरणार्थ ज्वारी आणि बाजरी, तर मधला भाग भरताना मुलांना मजा येते आणि 'दोन्ही', 'सारखंच' हे शब्द आपोआप येतात. वेन सुरुवातीला, तक्ता लिहिण्याआधी, असं चालेल का?

मोजपट्टी

चालेल. फक्त वेनमधून थेट परिच्छेदाकडे जाऊ नका, मध्ये तक्ता हवाच.

अवघड गणित

समस्या-उपाय आणि कारण-परिणाम यांत मुलं हमखास घोळ करतात. दोन्हीकडे आधी काहीतरी वाईट आणि नंतर काहीतरी वेगळं असतं. ओळखायचं कसं?

वाटेवरचा दगड

कोणीतरी ठरवून काही केलं का, हे विचारा. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार घ्या. पाऊस कमी, डोंगर उघडे, पावसाचं पाणी वाहून जात होतं, विहिरी आटत होत्या, लोक गाव सोडून जात होते. इथपर्यंत कारण-परिणाम, कोणी मुद्दाम काही केलेलं नाही. त्यानंतर गावाने डोंगरउतारावर समतल चर खणले, झाडं लावली, शेतीसाठी विंधनविहिरींवर बंदी घातली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्यावर पिकं ठरवायला सुरुवात केली. हे उपाय. विहिरींची पातळी वाढली, लोक परतले. हे फलित.

मुलं लिहिताना दोन गोष्टी विसरतात. एक, कोणता उपाय समस्येच्या कोणत्या भागासाठी. चर वाहून जाणाऱ्या पाण्यासाठी, विंधनविहिरींवरची बंदी जमिनीतलं साठलेलं पाणी उपसून संपू नये म्हणून. चार उपाय एका ओळीत स्वल्पविराम देऊन लिहिले तर ही जोडणी हरवते. दुसरी, उपायाने खरंच काय झालं. 'अशा प्रकारे समस्या सुटली' एवढंच लिहून थांबतात.

नदीकाठ

"चर खणले *म्हणून* पाणी मुरलं" आणि "पाणी मुरावं *म्हणून* चर खणले." जोडाक्षरांचे दोन 'म्हणून' पुन्हा आले. पहिला कारण-परिणामाचा, दुसरा समस्या-उपायाचा. 'मुरलं' आणि 'मुरावं' यातला फरक दाखवला की अवघड गणितांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर होतं.

जोडाक्षर

अगदी बरोबर. विध्यर्थ आला की हेतू.

सांजवात

लेखनाकडे येताना एक अडथळा निबंधाच्या सवयीचा आहे. मुलांना निबंध सुविचाराने सुरू करायला आणि संदेशाने संपवायला शिकवलेलं असतं. तीच सवय माहितीपर लेखनात येते: "पाणी हेच जीवन" ने सुरुवात, "म्हणून आपण सर्वांनी पाणी वाचवले पाहिजे" ने शेवट, मध्ये कृष्णा नदी.

खडूवाली

त्यासाठी मराठी विश्वकोशातली एखादी लहान नोंद वर्गात वाचा. पहिल्याच वाक्यात व्याख्या किंवा ओळख, मग प्रकार, रचना, आढळ, उपयोग. नोंदीला आवाहन नसतं. मुलांना सांगा, नोंदीचं पहिलं वाक्य झाका आणि उरलेल्यावरून ते पुन्हा लिहा. बातमीही चालेल. तिथे कोण, काय, कुठे, केव्हा हे पहिल्या परिच्छेदातच येतं, तपशील उतरत्या महत्त्वाने. जागा कमी पडली तर बातमी खालून कापता येते. पट्ट्यांच्या गुऱ्हाळाला खालून कापून बघा, ढेपच मिळणार नाही!

पाटीवरची रेघ (धागाकर्ती)

इतके तपशीलवार प्रतिसाद आले, सगळ्यांचे आभार. माझ्या पहिल्या प्रश्नाकडे परत येते. सुरुवात क्रमाने, नावं उशिरा, शब्दांची यादी पाठ न करता उताऱ्यात रंगवायची, आकृती मुलांनी काढायची. वाचन आणि लेखन एकाच तासिकांच्या जोडीत: पहिलीत पट्ट्या, दुसरीत त्याच रचनेत स्वतःचा परिच्छेद.

कांद्यावर पाच नमुने तयार करते आहे, म्हणजे विषय एकच आणि प्रश्न पाच. तपासून सांगा.

वर्णन (खालून वर): कांद्याच्या तळाशी मुळं फुटणारी चकती असते. तिच्यावर एकात एक बसलेले मांसल पापुद्रे, बाहेरून कोरडी साल, वर निमुळती मान आणि मानेतून पात.

क्रम: रब्बी कांद्याचं बी गादीवाफ्यावर पेरतात. सात-आठ आठवड्यांनी रोपं उपटून शेतात लावतात. निम्म्या झाडांच्या माना पडल्या की कांदा काढतात. पातीसकट तीन-चार दिवस शेतात सुकवून, दोन-तीन सेंटिमीटर मान ठेवून पात कापतात. प्रतवारी केलेला कांदा चाळीत भरतात.

तुलना: रब्बीचा आणि खरिपाचा कांदा. निकष काढणीचा काळ, टिकाऊपणा, साठवण.

कारण-परिणाम: मान अगदी मुळापासून कापली तर तिथे जखम उघडी राहते, तिथून बुरशी शिरते आणि चाळीतला कांदा सडतो.

समस्या-उपाय: एप्रिल-मेमध्ये सगळीकडचा रब्बी कांदा एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. चांगला भाव मिळेपर्यंत तो टिकावा म्हणून खालून आणि बाजूंनी हवा खेळणाऱ्या चाळीत, चार-पाच फुटांपेक्षा जास्त उंच थर न करता ठेवतात.

तिखटमीठ

एवढा कांदा कापला आणि डोळ्यांत पाणी नाही. छान झालंय.

वाटेवरचा दगड

चांगले आहेत. मूल्यमापनासाठी तुमचीच कसोटी वापरा: मुलाने लिहिलेला परिच्छेद शेजाऱ्याने वाक्यावाक्याला कापायचा, मिसळायचा आणि तिसऱ्याने लावायचा. मूळ क्रम परत आला तर रचना आहे. वर्णनाच्या परिच्छेदाला ही कसोटी थोडी सैल लावा. तिथे 'खालून वर' हे सूत्र तिसऱ्याला ओळखता आलं तरी पुरे.

सांजवात

क्रमाच्या नमुन्यात "प्रतवारी *केलेला* कांदा" आहे. मोड आलेल्या मटकीसारखी एक पायरी लपली नाही का?

पाटीवरची रेघ (धागाकर्ती)

हो की! बदललं: "जोडकांदे, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले) आणि मार लागलेले कांदे बाजूला काढून उरलेला चाळीत भरतात." जुनं वाक्यही ठेवते, मुलांना शोधायला.